एडीपी टाकला तरी लाल लाइन हलत नाही : स्नायूच्या फायबरचं रेस्पिरेशन मोजताना कोकणात हमखास होणारे घोळ

स्नायूचे फायबर ऑक्सिजन किती वेगाने खातात, म्हणजे त्यांचं रेस्पिरेशन, मोजताना एडीपी दिला तरी तो वेग का वाढत नाही? मिरग लागला की हा प्रश्न परत डोकं वर काढतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूची, म्हणजे व्हॅस्टस लॅटेरॅलिसची बायोप्सी घेतली, फायबर सुटे केले, सॅपोनिन लावून पेशींचं बाहेरचं आवरण उघडलं, चेंबरमध्ये सोडले, मॅलेट पायरुवेट ग्लुटामेट हे मायटोकॉन्ड्रियाचं (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांचं) खाद्य सगळं दिलं, मग ५ मिलीमोलर एडीपी, ज्यापासून पेशीचं इंधन एटीपी बनतं तो, दिला आणि स्क्रीनकडे बघत बसलो, तर चेंबरमध्ये उरलेल्या ऑक्सिजनची निळी लाइन आपली आरामात उतरतेय आणि रेस्पिरेशनच्या वेगाची लाल लाइन जिथल्या तिथे. किंवा हलते पण मेल्यासारखी. आणि डिसेंबरात हाच प्रोटोकॉल, हेच मशीन, हीच माणसं, तेव्हा आकडे झकास येत होते.

अशा वेळी पहिला संशय पेशंटवर जातो. शुगर आहे ना त्यांना, मग मायटोकॉन्ड्रिया कमीच असणार. थांबा जरा. डायबेटीस, वय, बैठं काम याने आकडा खाली येतो हे खरं, पण एडीपीला प्रतिसादच नाही असं सहसा होत नाही. अंदाज असावा म्हणून सांगते, निरोगी पण खेळाडू नसलेल्या माणसाचे फायबर ३७ अंशाला, एडीपी आणि सक्सिनेट (कॉम्प्लेक्स टूचं खाद्य) दोन्ही मिळाल्यावर, ओल्या वजनाच्या दर मिलीग्रामला दर सेकंदाला साधारण ६० ते १०० पिकोमोल ऑक्सिजन खातात, नुसत्या कॉम्प्लेक्स वनवर (मायटोकॉन्ड्रियातल्या इलेक्ट्रॉनच्या साखळीत वन ते फोर असे टप्पे असतात, त्यातला मॅलेट-पायरुवेटवर चालणारा) त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि एडीपीआधीची लीक, म्हणजे एटीपी न बनवता खाल्लेला ऑक्सिजन, ५-१० च्या घरात. तुमचा आकडा सगळं देऊनही १५ वर अडकला असेल तर तो पेशंटचा आकडा नाही, सुई ते चेंबर या वाटेत कुठेतरी आपलंच काहीतरी हुकलंय. आणि कुठे हुकलंय ते बहुतेक वेळा त्याच रनमध्ये दिसतं, फक्त रन पूर्ण करायला हवा.

म्हणून पहिली गोष्ट, लाइन हलली नाही म्हणून वैतागून रन बंद करू नका. पेशंटने सुई सहन केलीय, तो तुकडा फुकट घालवायचा नाही. पुढचं सगळं क्रमाने टाकत जा आणि प्रत्येक इंजेक्शननंतर लाइन काय करते ते लिहून ठेवा. (मी दोन चेंबरच्या, प्रत्येकी २ मिलीच्या मशीनबद्दल बोलतेय, जुन्या एका चेंबरच्या क्लार्क इलेक्ट्रोडवर पण तर्क तोच.)

एडीपीला लाइन हलली नाही पण सक्सिनेट टाकल्या टाकल्या टणकन वर गेली, तर कॉम्प्लेक्स टूपासून पुढची सगळी गाडी चालू आहे, एडीपी पण चांगला आहे, अडलंय ते कॉम्प्लेक्स वनच्या बाजूला. म्हणजे एकतर मॅलेट-पायरुवेट खराब, नाहीतर चेंबरमध्ये आधीच्या रनचं रोटेनोन (कॉम्प्लेक्स वन बंद पाडणारं विष) उरलंय. सक्सिनेटलाही हलली नाही पण एफसीसीपीला (हे साखळीला एटीपी बनवण्याच्या बंधनातून मोकळं सोडतं) दुप्पट झाली, तर इलेक्ट्रॉनची साखळी ठीक आहे आणि गडबड एडीपीमध्ये किंवा एटीपी बनवणाऱ्या भागात, बहुधा एडीपीच मेलेला, किंवा कोणी आधी ऑलिगोमायसिन (एटीपी बनवणारा भाग बंद पाडणारं विष) वापरलं असेल तर ते. इथे एक लक्षात ठेवा, माणसाच्या स्नायूत एफसीसीपीला थोडी वाढ होणं नॉर्मल आहे, उंदराच्या स्नायूत ती जवळपास होत नाही, त्यामुळे उंदरावर हात बसलेली पोरं माणसाचा पहिला रन बघून उगाच घाबरतात. संशय दुप्पट-तिप्पट उडीवर घ्यायचा. एफसीसीपी पण एकदम ओतायचं नाही, अर्धा अर्धा मायक्रोमोलर करत जायचं, जास्त झालं की तेच लाइन खाली ओढतं आणि मग निष्कर्ष उलटा निघतो.

कशालाच हलली नाही, तर शेवटी ॲस्कॉर्बेट आणि टीएमपीडी देऊन बघा, ही जोडी साखळीच्या शेवटच्या टप्प्याला इलेक्ट्रॉन पोचवते. त्याला उडी मारली तर कॉम्प्लेक्स फोर जिवंत आहे, सेन्सर पण ठीक आहे, आणि अडथळा मधे कॉम्प्लेक्स थ्रीला, म्हणजे तो टप्पा अडवणारं विष अँटिमायसिन उरलंय असं समजायला हरकत नाही. फक्त टीएमपीडी फायबरशिवायही स्वतःच ऑक्सिजन खातं, त्यामुळे नंतर अझाइड (कॉम्प्लेक्स फोर बंद पाडणारं) टाकून उरलेला आकडा वजा केल्याशिवाय ती उडी खरी मानू नका. यालाही काहीच नाही तर फायबर मेलेत, किंवा चेंबरमध्ये फायबरच नाहीत. हसू नका, स्टॉपरच्या वर चिकटून बसलेले फायबर पाहिलेत.

आता यातलं सगळ्यात जास्त सापडणारं कारण, आधीच्या रनचं उरलेलं विष. रोटेनोन, अँटिमायसिन, ऑलिगोमायसिन, एफसीसीपी ही सगळी पाण्याशी वाकडी असलेली मंडळी, अल्कोहोलमध्ये विरघळवून ठेवतो आपण. चेंबर पाण्याने कितीही वेळा खंगाळा, ती प्लॅस्टिकच्या स्टॉपरला, ओ-रिंगला, स्टररच्या गोळीला चिकटून बसतात आणि ३७ अंशाला पुढच्या रनमध्ये हळूहळू सुटतात. सकाळचा पहिला रन चांगला, दुपारचा दुसरा पडलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी परत चांगला, असा नमुना दिसला की डोळे झाकून हेच समजा. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे एकाच बायोप्सीचे फायबर दोन्ही चेंबरमध्ये टाकायचे. ए मध्ये ठीक आणि बी मध्ये मेलेले, तर दोष फायबरचा असूच शकत नाही. मग पुढच्या वेळी बी चा स्टॉपर ए ला लावून बघा, दोष स्टॉपरबरोबर सरकला की चोर सापडला.

धुवायचं कसं? रन संपला की पाणी, मग ७० टक्के इथेनॉल, मग शुद्ध इथेनॉल भरून स्टॉपर लावून स्टरर चालू ठेवून निदान दहा-पंधरा मिनिटं, मग परत पाणी भरपूर. स्टॉपरच्या मधल्या बारीक नळीतून पण इथेनॉल गेलं पाहिजे, सगळे बाहेरून पुसतात आणि नळी विसरतात. त्याने नाही भागलं तर एक जुना रामबाण आहे, चेंबरमध्ये बफर भरून त्यात उंदराच्या लिव्हरचं किंवा हृदयाचं जरासं होमोजिनेट टाकून अर्धा तास फिरवायचं. उरलेलं विष त्या टिशूला जाऊन चिकटतं आणि टिशूसकट बाहेर निघतं. बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घातलेल्या बफरने पण थोडं काम होतं. आणि सिरिंज. इनहिबिटरच्या, म्हणजे या विषांच्या, सिरिंज वेगळ्या, त्यांच्यावर लाल टेप, त्यांनी कधीही सबस्ट्रेट (मायटोकॉन्ड्रियाचं खाद्य) उचलायचं नाही, घाईत पण नाही, सर बघत असले तरी नाही.

पण हे बारा महिन्याचं दुखणं. पावसाळ्याचं वेगळं आहे, आणि ते सायटोक्रोम सी (साखळीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारं छोटं प्रोटीन) टाकल्यावर दिसतं.

एडीपीनंतर १० मायक्रोमोलर सायटोक्रोम सी का टाकतो आपण? मायटोकॉन्ड्रियाचं बाहेरचं आवरण धड असेल तर सायटोक्रोम सी आतच असतो, वरून दिलेला आत जाऊ शकत नाही, लाइन जागची हलत नाही. आवरण फाटलेलं असेल तर आतला वाहून गेलेला असतो, वरून दिला की रिकामी जागा भरते आणि लाइन वर चढते. १० टक्क्यांपर्यंत चढली तर चालतं, काही लॅब १५ पर्यंत चालवून घेतात, त्यावर गेलं की तो तुकडा बाद. आता ४० टक्के चढतेय आणि तरीही लोक पेपरमध्ये घालायला बघतात, की सायटोक्रोम सी दिल्यानंतरचा आकडा तर चांगलाय ना. असं नसतं हो. आवरण फाटलंय म्हणजे नुसता सायटोक्रोम सी नाही गेला, बाकीचं पण बिघडलेलं असणार, तो आकडा निरोगी माणसाच्या आकड्याशेजारी ठेवायच्या लायकीचा राहत नाही.

आवरण फाटतं कशाने? तीन कारणं. सॅपोनिन जास्त, चिमटा जास्त, आणि गोठणं. पहिली दोन सगळ्यांना माहीत असतात, तिसरं आपल्याकडे सगळ्यात जास्त होतं आणि कोणाच्या ध्यानीमनी नसतं.

कोकणात बायोप्सी एका गावात आणि मशीन दुसऱ्या गावात हे नेहमीचं आहे. ऑपरेशन थिएटर कणकवलीकडे, लॅब कुडाळकडे, मधे हायवे, आणि पावसात हायवेचं काय होतं ते मी सांगायला नको. तुकडा बायोप्समध्ये, म्हणजे तो कॅल्शियम बांधून ठेवणारा, एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन घातलेला थंड बफर, त्यात बुडवून बॉक्समधून येतो, आणि ४ अंशाला त्यात तो काही तास छान टिकतो. म्हणजे वेळ लागला हा प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम बॉक्समध्ये काय ठेवलंय हा आहे. हॉस्पिटलमध्ये लसीच्या फ्रीजरमधले जेल पॅक सगळ्यात हाताशी असतात, ते उणे १८-२० अंशावरचे, त्यावर ती छोटी ट्यूब सरळ टेकवली की ज्या बाजूने टेकते त्या बाजूचं बफर गोठतं. उघडून बघेपर्यंत परत वितळलेलं असतं, काही दिसत नाही. पण स्नायू एकदा गोठून वितळला की मायटोकॉन्ड्रियाची बाहेरची आवरणं गेली. पुढे तुम्ही कितीही हळुवार हाताने काम करा, सायटोक्रोम सी ला लाइन चढणारच.

मग पावसाळ्यातच का? कारण उन्हाळ्यात जेल पॅक वाटेतच शून्यावर येतो, आणि पावसात गाडी अडकते म्हणून माणसं प्रेमाने दुप्पट पॅक भरतात. काळजीनेच घात होतो.

यावर उपाय आमच्या गाडीवाल्या काकांनी सुचवला. मासळीवाल्यांचा बर्फ. जेट्टीवर जो लादीचा बर्फ फोडून चुरा करून पेट्यात घालतात तो. मी म्हटलं काका हा स्वच्छ नसतो, तर म्हणाले, "मासळेक चलता मां, मग मासाक कित्याक नाय चलाचो?" आणि बरोबर होतं त्यांचं, ट्यूब बंद असते, बर्फ बाहेर, स्वच्छतेचा प्रश्नच येत नाही. वितळत असलेला बर्फ आणि थोडं पाणी, असा गिच्च काला असला की तापमान शून्यावर ठाम बसतं, खाली जात नाही आणि बर्फ संपेपर्यंत वर येत नाही. फक्त त्याच्यात खारं पाणी गेलेलं नको. मासळीच्या पेटीतला वापरलेला बर्फ किंवा मीठ मारलेला बर्फ घेतलात तर तो शून्याच्या चांगलाच खाली जातो आणि परत तीच गोठण्याची भानगड. त्यामुळे बर्फ फॅक्टरीतून थेट, गोड्या पाण्याचा, आणि ट्यूब तरंगत ठेवायची, भिंतीला टेकवायची नाही. बॉक्समध्ये एक साधा डिजिटल थर्मामीटर टाकून ठेवा, जो सगळ्यात कमी तापमान लक्षात ठेवतो तो. बॉक्स उघडला की आधी तो बघायचा. शून्याखाली गेलेला दिसला तर पुढे काय दिसणार हे आधीच कळतं.

सॅपोनिनबद्दल थोडं. सगळीकडे ५० मायक्रोग्राम प्रति मिली, बर्फावर ३० मिनिटं, हळू हलवत, असं लिहिलेलं असतं आणि ते चांगलंच आहे. पण सॅपोनिन हे झाडापासून काढलेलं मिश्रण आहे, एका बाटलीची ताकद दुसरीसारखी नसते, शिवाय पावडर आपल्या हवेत दमट होते आणि वजन करताना त्यात पाणी पण मोजलं जातं, म्हणजे प्रत्यक्षात सॅपोनिन कमी जातं. कमी पडलं तर पेशी उघडतच नाहीत, एडीपी आणि सक्सिनेट बाहेरच उभे, लाइन मेलेली, सायटोक्रोम सी ला मात्र काही नाही. म्हणून एक सवय लावून घ्या, नवीन बाटली उघडली की माणसाच्या तुकड्यावर जाण्याआधी उंदराच्या स्नायूवर नुसती ३० नाही, २०, ३०, ४० मिनिटं करून बघा. आणि डोळ्याने पण कळतं. सुटे करायच्या आधी फायबर लालबुंद असतात, टोकदार चिमट्याने ताणत ताणत एकमेकांपासून सोडवले, जाळ्यासारखे पसरले आणि सॅपोनिनमधून निघाले की फिकट, जवळजवळ आरपार दिसायला लागतात. मधे गडद लाल गाठ राहिली असेल तर ती गाठ उघडलेली नाही, तिचं वजन मात्र मोजलं जाणार.

त्या सुट्या करण्याच्या कामात आपल्याकडे एक त्रास वेगळाच, बर्फावरच्या पेट्री डिशखाली आणि मायक्रोस्कोपच्या भिंगावर धुकं धरतं. एसी बंद खोलीत तर दोन मिनिटात काही दिसेनासं होतं, मग माणूस अंदाजाने ओढाताण करतो आणि फायबर फाडतो. डीह्युमिडिफायर असेल तर उत्तम, नसेल तर एसी ड्राय मोडवर अर्धा तास आधी लावा आणि बर्फावर थेट डिश न ठेवता मधे धातूची पातळ प्लेट ठेवा, खालची वाफ डिशला लागत नाही. चिमटा धरणारी व्यक्ती शक्यतो एकच असावी. आमच्याकडे जी मुलगी मोगऱ्याचे गजरे पटापट गुंफायची तिचा हात सगळ्यात हलका निघाला, डिग्रीशी त्याचा काही संबंध नाही.

आता दमट हवेचा दुसरा बळी, एडीपी. तो पाणी ओढतो. बाटली फ्रीजरमधून काढून गार असतानाच उघडली की आतल्या पावडरवर दव धरतं, दोन-चारदा असं झालं की तुम्ही जे वजन करताय त्यात एडीपी किती आणि पाणी किती हे देवालाच माहीत. बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, बाहेर सिलिका जेलच्या डब्यात अर्धा तास ठेवायची. त्याहून चांगलं म्हणजे नवी बाटली आली की एकाच दिवशी सगळ्याचं सोल्युशन करून छोट्या छोट्या ट्यूबमध्ये उणे ८० ला, आणि एकदा वितळलेली ट्यूब परत गोठवायची नाही. सोल्युशन करताना पीएच सातच्या आसपास आणायला विसरू नका, आंबट एडीपी चेंबरमध्ये गेला तर त्याचाच वेगळा तमाशा. मॅग्नेशियम पण त्यातच घालतात, एडीपीच्या ०.६ पट मोलने, कारण एडीपी-एटीपी दोघे मॅग्नेशियम पकडून बसतात आणि चेंबरमधलं मोकळं मॅग्नेशियम कमी होतं. मॅग्नेशियम क्लोराइडची पावडर पण पाझरते, कोकणात ती जुलैमध्ये बाटलीतच लापशी होते. पायरुवेटचं सोल्युशन मात्र रोज ताजं, त्याला पर्याय नाही, ठेवून ठेवून ते आपसात जोडलं जातं आणि मग कॉम्प्लेक्स वनची लाइन पडते आणि आपण रोटेनोनच्या नावाने बोटं मोडतो.

आणि ५ मिलीमोलर इतका एडीपी कशाला, सुट्या केलेल्या मायटोकॉन्ड्रियाला तर फार कमी पुरतो, असं कोणीतरी विचारतंच. फायबरमध्ये एडीपीला आतपर्यंत पोचायला वाटेत अडथळे असतात, अर्धा वेग गाठायलाच शेकडो मायक्रोमोलर लागतात. कंजूसपणा करून अर्धा मिलीमोलर टाकलात तर लाइन हलेल पण वरपर्यंत जाणार नाही. तसंच, १९५५ साली चान्स आणि विल्यम्स यांनी सांगितलेलं ते स्टेट थ्री संपून स्टेट फोर येणं, एडीपी संपला की लाइन परत खाली बसणं, ते फायबरमध्ये सुबक दिसत नाही, कारण स्नायूतले एटीपी फोडणारे एन्झाइम एडीपी परत परत बनवत राहतात. ती वाट बघत ऑक्सिजन संपवू नका.

ऑक्सिजनवरून आठवलं, हे पण एक मोठं कारण आहे. सुट्या मायटोकॉन्ड्रियाला ऑक्सिजन चारी बाजूंनी मिळतो, फायबरच्या जुडग्यात मात्र तो मधल्या फायबरपर्यंत झिरपत जावा लागतो. हवेशी समतोल असलेल्या बफरमध्ये ३७ अंशाला, समुद्रसपाटीला, साधारण १९० मायक्रोमोलर ऑक्सिजन असतो, आणि मधल्या फायबरला तो आधीच कमी पडायला लागलेला असतो. म्हणून वरून ऑक्सिजन सोडून ४०० च्या आसपास न्यायचं आणि २५० च्या खाली उतरू द्यायचं नाही, उतरला की परत द्यायचा. तुमची लाल लाइन निळ्या लाइनबरोबर हळूहळू खाली येत असेल आणि ऑक्सिजन वाढवला की परत वर जात असेल तर बाकी काही शोधू नका, हेच आहे. जास्त ऑक्सिजनवर मशीनची स्वतःची गळती पण वाढते, हवेच्या पातळीला काढलेलं बॅकग्राउंड इथे चालत नाही, वेगळं काढावं लागतं. फायबर ३७ अंशाला आकसून गोळा होणं टाळायला ब्लेबिस्टॅटिन वापरता येतं, पण ते प्रकाशाने, विशेषतः निळ्या प्रकाशाने निकामी होतं, चेंबरचा दिवा बंद ठेवा आणि ट्यूबला फॉइल.

पुण्या-कोल्हापूरहून प्रोटोकॉलची एक्सेल शीट आणणाऱ्यांसाठी छोटीशी सूचना. त्यात हवेचा दाब हाताने भरलेला असेल तर तो बदला, घाटावर साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर दाब आपल्यापेक्षा सहाएक टक्के कमी असतो आणि कॅलिब्रेशन तेवढंच चुकतं. मशीन स्वतः दाब मोजत असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

वजन. इथे पण पाऊसच. फायबर तोलायच्या आधी फिल्टर पेपरवर टिपतो आपण, आणि जुलैमध्ये उघडा ठेवलेला फिल्टर पेपर हाताला पापडासारखा न लागता गार आणि मऊ लागतो, तो काय पाणी टिपणार. समजा खरे फायबर २ मिलीग्राम आहेत आणि ते दर सेकंदाला १६० पिकोमोल खातायत, म्हणजे ८० प्रति मिलीग्राम. त्यांच्यावर ०.४ मिलीग्राम पाणी राहिलं तर काटा २.४ दाखवेल आणि तुमचा आकडा ६७ वर येईल. म्हणजे एका थेंबाच्या तुकड्याने आकडा सहाव्या हिश्श्याने खाली. उलट डोक्यावर पंखा चालू असेल तर फायबर सुकून हलके होतात आणि आकडा फुगतो. फिल्टर पेपर ओव्हनमध्ये सुकवून सिलिका जेलच्या डब्यात, टिपायची वेळ ठरलेली, पंखा बंद. आणि ज्याला चरबी किंवा पांढरा पडदा चिकटलाय तो भाग आधीच काढून टाका, तो ऑक्सिजन खात नाही पण वजन देतो. वजनावर भरवसाच नसेल तर रन संपल्यावर चेंबरमधले फायबर फेकू नका, उणे ८० ला ठेवा आणि त्यातच सायट्रेट सिंथेज (मायटोकॉन्ड्रिया किती आहेत त्याचा अंदाज देणारं एन्झाइम) मोजा, ४१२ नॅनोमीटरला नेहमीची रंगाची टेस्ट. रेस्पिरेशन भागिले सायट्रेट सिंथेज हे गुणोत्तर डिसेंबर आणि जुलैत सारखं आलं आणि प्रति मिलीग्राम आकडाच पडला, तर घोळ काट्यावर आहे किंवा तुकड्यात स्नायूच कमी होता.

झीरो कॅलिब्रेशनला निळी लाइन शून्यापर्यंत जात नाही अशी पण ओरड असते. सेन्सरला शिव्या घालण्याआधी डायथायोनाइटची (बफरमधला ऑक्सिजन संपवणाऱ्या पावडरची) बाटली बघा. ती पावडर हवेतल्या ओलाव्याने आणि ऑक्सिजनने मरते, मेलेली ओळखायची तर ती गुठळ्या धरते आणि गंधक जळाल्यासारखा वास येतो. ताजी बाटली, छोटी बाटली, आणि सोल्युशन वापरायच्या जरा आधी. ताज्या डायथायोनाइटलाही लाइन उतरली नाही तर मग मेम्ब्रेन आणि इलेक्ट्रोलाइट बदलायचं, चांदीचा भाग काळवंडला असेल तर अमोनियाने साफ.

एक त्रास मात्र उलट, तो पावसात नसतो, एप्रिल-मेमध्ये येतो. लाल लाइन थरथरते, करवतीच्या दातांसारखी, फायबर असोत नसोत. दोन्ही चेंबर एकाच वेळी थरथरत असतील आणि शेजारचा सेंट्रिफ्यूज किंवा पाण्याचा पंप चालू झाला की वाढत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. आपली जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा जमिनीशी संपर्क तुटल्यासारखा होतो. खड्ड्यात पाणी ओतून लगेच फरक पडला तर निदान झालं, मग अर्थिंग नीट नव्याने करून घ्या, रोज घागर ओतत बसू नका. मशीन ऑनलाइन यूपीएसवर हवं, स्टॅबिलायझरवर नको, लाइट गेली-आली की ३७ अंशाचं तापमान परत स्थिर व्हायला वेळ लागतो आणि तोपर्यंतचा आकडा धरायचा नाही. एकाच चेंबरला थरथर असेल तर अर्थिंग सोडा, तिथे बुडबुडा अडकलाय किंवा फायबरचा पुंजका स्टररमध्ये गुंतलाय. स्टॉपर तिरका धरून हळू बसवा, बुडबुडा निघतो.

आणि बायोप्सी घेणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती आधीच करून ठेवा, भुलीचं इंजेक्शन कातडी आणि वरच्या पडद्यापर्यंतच द्या, स्नायूत नको. लिग्नोकेन स्नायूत उतरलं तर ते मायटोकॉन्ड्रियाला त्रास देतं, आणि तो तुकडा बर्फात कसाही आणा, लाइन वर जाणार नाही. हे नंतर कुठल्याच टेस्टने वेगळं काढता येत नाही, त्यामुळे टेबलावरच विचारायचं आणि बायोप्सीच्या कागदावर लिहून घ्यायचं, सोबत तुकडा बफरमध्ये पडल्याची वेळ आणि बॉक्स उघडल्यावर थर्मामीटरने दाखवलेलं सगळ्यात कमी तापमान.